देवराईची वही कोणाच्या हाती?

पेडणे महालातील बहुतेक देवस्थानांच्या दप्तरात देवीच्या अलंकारांची यादी असते. समया किती, अब्दागिऱ्या किती, तरंगांची वस्त्रे कोणत्या पेटीत, पालखीचा दांडा केव्हा बदलला, हे सारे लिहिलेले असते. शेत कोणाकडे कुळाने आहे आणि माडांचे उत्पन्न काय, हेही असते. पोर्तुगीज राजवटीतील १९३३ च्या नियमावलीने महाजनांना जी शिस्त लावली, ती राजवट गेल्यावरही टिकली. आजही देवस्थानचा कारभार मामलेदारांच्या नजरेखालून जातो. मात्र त्याच देवळाच्या पाठीमागे जी राई उभी आहे, तिच्यात कोणते वृक्ष आहेत, तिच्या पायथ्याचा झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, गेल्या वीस वर्षांत तिची कड किती हात मागे सरली, याची एक ओळही त्या दप्तरात सहसा सापडत नाही. चांदीचा तांब्या हरवला तर महाजनांची सभा भरते. राईचा कोपरा हरवला तर कोणाला कळतही नाही, कारण कोपरा होता याची नोंदच नसते.

ही उणीव आम्ही क्षुल्लक मानीत नाही. रानांचे, किनाऱ्यांचे आणि पाणवठ्यांचे भवितव्य आज कागदावर ठरते. ज्याच्या हाती नोंद, त्याच्या शब्दाला वजन. देवस्थानांच्या हाती नोंद नाही, म्हणून राई देवाची असूनही तिच्याविषयीच्या बैठकीत देवाच्या वतीने बोलणारा कोणी नसतो.

यावर आमच्याच लोकांकडून पहिले उत्तर मिळते ते असे की, राईला राखणदार आहे. तो पाहून घेईल. आम्ही राखणदाराची थट्टा करणारांपैकी नव्हे. वर्षातून एकदा त्याला रोट ठेवणाऱ्या पिढ्यांनी जे राखले, ते कोणत्याही सरकारी खात्याला राखता आले नसते. राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, या एका धाकाने शेकडो वर्षे झरे जिवंत राहिले. परंतु तो धाक ज्याच्या मनात आहे त्याच्यापुरताच चालतो. दिल्लीहून वा मुंबईहून जमीन घ्यायला येणाऱ्याला आपला राखणदार ठाऊक नसतो, आणि मोजणीच्या यंत्राला तर तो मुळीच दिसत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर राईची जमीन कोठे देवस्थानच्या नावे आहे, कोठे कोमुनिदादीच्या, कोठे सरकारच्या, तर कोठे एखाद्या खासगी कुटुंबाच्या. उताऱ्यावर राखणदारासाठी रकाना नाही.

कागदात जे नसते त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी पेडणेकरांना दूर जावे लागत नाही. मोपाचा सडा आपल्या डोळ्यांसमोर आहे. तेथील विमानतळाला २०१५ च्या ऑक्टोबरात पर्यावरणीय मंजुरी मिळाली. ती मिळविण्यासाठी भरलेल्या अर्जात परिसरातील वने, संवेदनशील क्षेत्रे आणि तोडावयाची झाडे यांविषयी जे सांगणे बंधनकारक होते, ते सांगितले गेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला २९ मार्च २०१९ रोजी स्पष्ट शब्दांत म्हणावे लागले. अर्जात जेथे मोघम उल्लेखावर वेळ भागविली होती, तेथे प्रत्यक्षात सुमारे ५५ हजार झाडे तोडण्याचा प्रश्न होता. न्यायालयाने मंजुरी स्थगित केली व तज्ज्ञ समितीस पुन्हा विचार करावयास लावले. पुढे १६ जानेवारी २०२० रोजी अधिक अटी घालून आणि त्यांच्या पालनावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची देखरेख ठेवून स्थगिती उठली. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्‌घाटनही झाले.

विमानतळ हवा होता की नको, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही; त्यावर घराघरांत दोन मते आहेत. आमचा मुद्दा वेगळा आहे. अभ्यास झाला नाही असे नव्हे. जाड अहवाल तयार झाला होता. परंतु तो ज्याला प्रकल्प करावयाचा होता त्याच्यासाठी झाला. सड्याच्या कडेला कोठे कोठे पाणी फुटते, हे त्या पायथ्याच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो जांभ्याच्या भेगांतून मुरतो आणि उन्हाळ्यात कुळागरांना व विहिरींना पुरतो. हे ज्ञान गावाकडे होते, पण लेखी नव्हते. म्हणून सुनावणीत ते गाऱ्हाणे ठरले, पुरावा ठरले नाही. पंधरा वर्षांच्या झऱ्यांच्या नोंदी एखाद्या देवस्थानने मांडल्या असत्या, तर त्या बाजूला सारणे कोणालाही इतके सोपे गेले नसते.

आता याच महालातील दुसरे उदाहरण घ्या. शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते, त्या मोरजीच्या तेंबवाड्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालावयास येतात. एके काळी ही अंडी लोक खणून नेत आणि विकीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावातीलच काही जणांनी ती राखावयास आरंभ केला, वनखात्याने त्यांना हाताशी धरले, आणि जे हात अंडी खणीत होते त्यांपैकीच काही हात घरट्याभोवती कुंपण घालू लागले. मादी एका खेपेस शंभराच्या आसपास अंडी घालते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतात आणि उजेडाच्या रोखाने धावतात. निसर्गात तो उजेड समुद्राच्या क्षितिजावर असतो. उपाहारगृहांचे दिवे मागे झगमगू लागले की पिले उलट दिशेने जातात व मरतात. वाळूच्या उष्णतेवर पिलू नर होणार की मादी हे ठरते, म्हणून घरटे सावलीत हलवावे की जागीच ठेवावे हाही साधा प्रश्न राहत नाही. रात्रीची राखण करणाऱ्या माणसाने घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या आणि पिलांची संख्या लिहून ठेवली की तेच संशोधन झाले. त्यासाठी पदवीची गरज पडत नाही. पडते ती दर रात्री उठण्याची.

या राखणीचे फळ काय मिळाले? २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे किनारे कासवांची विणीची स्थळे म्हणून नावाने नोंदले गेले. त्यांचे सर्वेक्षण करून व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा असे तीत लिहिले गेले. आपल्या महालातील दोन गावांची नावे देशाच्या कायद्यात आली ती कोणाच्या शिफारसपत्रामुळे नव्हे. तेथे कासवे येतात हे मोजून सिद्ध झाले होते, म्हणून आली. तिकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावाला बरोबर घेऊन हेच केले. पुढे पिले समुद्रात सोडताना पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांची जेवणखाणाची सोय गावातील घरांनी केली, आणि कासवाच्या निमित्ताने चार पैसे त्या घरांत राहिले.

येथे आमच्या देवस्थानांना एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. सभामंडपातील दगडी कूर्मावर पाय पडू नये म्हणून आपण बाजूने चालतो. लेकरांनाही तसे शिकवितो. मग किनाऱ्याजवळच्या गावांत उत्सवाची रोषणाई आणि ध्वनिवर्धक विणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, थोडे आवरून घेण्याचा ठराव किती महाजनमंडळांनी केला? उपाहारगृहवाल्यांना दोष देणे सोपे आहे, आणि तो देण्याजोगाही आहे. परंतु दुसऱ्याचा दिवा मालवायला सांगणाराने आपला दिवा आधी मंद करावा, एवढे तरी समजले पाहिजे.

शास्त्र आणि श्रद्धा यांचे वाकडे आहे, असे मानणारे दोन्ही बाजूंना आहेत. त्यांनी सत्तरीतील नानोड्याच्या बांबर येथील निरंकाराची राय पाहावी. ओलसर, चिखलट जमिनीत रानजायफळाच्या कुळातील वृक्ष गुडघ्यासारखी मुळे वर काढून श्वास घेत उभे आहेत. अशी दलदलीची राने केरळात व कर्नाटकात थोडीबहुत उरली आहेत. गोव्यात ती दुर्मिळ. १९९० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची नोंद केली, तेव्हा जगाला तिचे मोल कळले. पण शास्त्रज्ञ येईपर्यंत ती उभी कशी राहिली? निरंकाराच्या नावाने. श्रद्धेने राखले आणि शास्त्राने ओळखले, असा हा व्यवहार आहे. यांपैकी एकाने दुसऱ्याला अडाणी म्हणावे असे त्यात काही नाही.

त्याही आधी, १९७० च्या दशकात, पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्या राखण्याची हाक दिली होती. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडली जाऊ नये म्हणून पुण्याच्या या मंडळींकडे धाव घेतली होती; राई गेली तर ओढ्याचे पाणी जाईल, हे त्यांचे म्हणणे होते. खेडुतांनी शास्त्रज्ञाला बोलावले, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. आज आपल्याकडे बहुधा उलटे घडते. विद्यार्थी येतो, पुजाऱ्याकडून वृक्षांची नावे विचारून घेतो, पाने दाबून नेतो, प्रबंध इंग्रजीत लिहितो. पदवी त्याला मिळते आणि गावाला त्या प्रबंधाची प्रतही मिळत नाही. ज्या पुजाऱ्याने नावे सांगितली त्याचा नातू पुढे तीच नावे विसरतो, आणि ती फक्त विद्यापीठाच्या कपाटात उरतात. यापुढे देवस्थानांनी सरळ अट घालावी: राईत प्रवेश हवा असेल तर अभ्यासाचा सारांश मराठीत वा कोंकणीत लिहून गावाच्या हाती द्यावा लागेल.

कायद्याने दारे अगदीच बंद ठेवलेली नाहीत. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकनोंदवही सांगितली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली व त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावयास लावण्याचा इशारा दिला, तेव्हा देशभर नोंदवह्या भरण्याची धांदल उडाली. दंडाच्या धाकाने भरलेली वही कशी असते हे सांगावयास नको. वाचकांनी आपल्या पंचायतीत जाऊन ती वही मागावी, आणि आपल्या राईविषयी तीत किती ओळी आहेत ते स्वतः वाचावे. याच कायद्याखाली डिचोली तालुक्यातील सुर्ला गावच्या राईला गोव्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ हा मान मिळाला. म्हणजे वाट आहे. ती मळलेली नाही इतकेच.

दुसरी वाट वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने निघाली. गाव किंवा व्यक्ती आपण होऊन पुढे आली तर तिच्या जमिनीवर ‘समुदाय राखीव क्षेत्र’ जाहीर करता येते. त्याच्या समितीवर पंचायतीने नेमलेले किमान पाच आणि वनखात्याचा एक असे प्रतिनिधी बसतात. गावाचे पाच आणि सरकारचा एक, हे प्रमाण आमच्या लोकांनी लक्षात ठेवावे. कारण ‘सरकारला राई दाखविली की ती हातची गेली’ हे भय आम्ही सर्वत्र ऐकतो. भय निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. एकदा क्षेत्र जाहीर झाले की जमिनीच्या वापरात बदल करण्यास समितीचा ठराव आणि राज्यसरकारची संमती दोन्ही लागतात. म्हणजे उद्या महाजनांच्या मनात राईच्या कडेला सभागृह, भक्तनिवास किंवा गाड्या ठेवण्याचे आवार करावयाचे आले तर ते सहजी होणार नाही. काहींची कुरकूर नेमकी याचसाठी आहे. सरकार राई घेईल हे भय तोंडाने बोलले जाते. आपल्याला ती तोडता येणार नाही हे भय पोटात असते. देवराई तोडून देवासाठी सिमेंटचे मंगल कार्यालय उभारणारांना आम्ही भक्त म्हणण्यास तयार नाही.

या कायद्यांत एक उणीव मात्र आहे. त्यांत पंचायत आहे, वनखाते आहे, समिती आहे. देवस्थान कोठेच नाही. जो शतकानुशतके राखीत आला, त्याला बसावयास पाट नाही. ही मागणी केली पाहिजे की ज्या राईचा देव आहे त्या राईच्या समितीत त्या देवस्थानचा माणूस असावा. पंचायतीने नेमावयाच्या पाचांत एक तरी जागा त्याला द्यावी. मात्र ती मागताना आपले घरही झाडून घ्यावे लागेल. महाजनांची यादी बहुतेक ठिकाणी काही घराण्यांची आणि त्यातही पुरुषांची. झऱ्यावर रोज घागर भरणारी बाई त्या यादीत नाही. राईत ढोल वाजविणारा, मशाल धरणारा, औषधाची मुळी ओळखणारा, सड्यावर गुरे चारणारा धनगर, यांपैकी कितीजण सभेत बसतात? कोणत्या वृक्षाला कधी फळ येते आणि शेकरू कोठे घर करते हे ज्यांना ठाऊक, ते बाहेर. आणि ज्यांना समयांची संख्या ठाऊक, ते आत. अशा सभेने लिहिलेली वहीसुद्धा अर्धीच असेल. आम्हांला हे लिहिताना काही वाचक नाराज होतील याची कल्पना आहे. पण राईच्या समितीत जागा मागावयाची तर ती संपूर्ण गावाच्या नावाने मागावी लागेल. चार घराण्यांच्या मानापानाच्या नावाने मागितली तर सरकार ती नाकारील, आणि नाकारले तर त्यात चूक काय?

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर देवाचा माणूस आणि शास्त्रज्ञ एकत्र बसण्यात अशक्य असे काही दिसत नाही. इथिओपियातील डोंगराळ मुलखात जुनी चर्चे आहेत, आणि प्रत्येकाभोवती त्याचे रान आहे; सभोवारचा प्रदेश शेतीसाठी उघडा झाला, पण चर्चभोवतालचे वर्तुळ हिरवे राहिले. आमच्या देवरायांचीच ही सख्खी भावंडे. अलेमायेहू वासी या त्यांच्याच देशच्या वनशास्त्रज्ञाने तेथे वर्षानुवर्षे अभ्यास केला. मोठे वृक्ष उभे होते, परंतु खाली नवे रोप जगत नव्हते, कारण गुरे आत शिरून ते खात होती. अमेरिकेच्या मार्गारेट लोमन या संशोधिकेच्या साहाय्याने ही गोष्ट त्यांनी धर्मगुरूंपुढे मांडली. धर्मगुरूंनी ऐकले आणि शेतांतील दगड गोळा करून रानांभोवती गडगे घातले गेले. दगड शेतातून निघाले म्हणून शेतकरीही खूश. ज्यांच्या शब्दाला गाव मानते त्यांच्यापर्यंत शास्त्राचे म्हणणे पोहोचले, आणि काम झाले. आमच्या भटजींना, गुरवांना व गांवकारांना हे समजणार नाही, असे मानणारा अधिकारी त्यांना ओळखत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. येत्या वर्षाच्या महाजनसभेत पेडणे व डिचोली महालांतील प्रत्येक देवस्थानने कार्यक्रमपत्रिकेवर राईचा विषय घ्यावा. एक वही काढावी. तीत राईची हद्द गावच्या जुन्या माणसांना आणि गुराख्यांना बरोबर घेऊन चालून लिहावी. नकाशा मोजणीखात्याकडून मागवावा आणि तो चुकला असेल तर तसा अर्ज मामलेदारांकडे द्यावा. झऱ्याचे पाणी दर महिन्याच्या पौर्णिमेस एकाच जागी, एकाच मापाने मोजावे; घागर भरावयास किती पळे लागतात एवढे लिहिले तरी दहा वर्षांनी त्या आकड्यांपुढे कोणताही सल्लागार मान खाली घालील. वृक्षांची नावे प्रथम कोंकणी व मराठीत लिहावीत, लॅटिन नावे शाळा-महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी मागाहून भरावीत. या कामात मुलींना व बायकांना पुढे करावे. वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक देवस्थानच्या दप्तरात अलंकारांच्या यादीशेजारी राहावी आणि दुसरी पंचायतीच्या जैवविविधता समितीला पोच घेऊन द्यावी. पोच घेण्यास विसरू नये.

खर्च विचाराल तर एका रात्रीच्या आतषबाजीहून कमी. यंदाच्या कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेस हजारो लोक जमतील, तेव्हा निदान पेडण्यातील देवस्थानांच्या मंडळींनी एकमेकांस विचारावे की कोणाच्या वहीचे पहिले पान लिहून झाले. ज्या देवस्थानचे ते झाले असेल त्याने आम्हांस कळवावे. ते पान आम्ही याच अंकांतून, मराठी आणि कोंकणी दोन्हींत, छापू.